परत आलेली चिठ्ठी : रायपूरच्या विद्यापीठ ग्रंथालयाची साठ वर्षे

रायपूरच्या जी. ई. रोडवर शिक्षणसंस्थांची रांगच लागली आहे. राजकुमार कॉलेज, सायन्स कॉलेज, आयुर्वेद महाविद्यालय, एनआयटी, विवेकानंद आश्रम आणि आमानाक्याजवळ पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ. आपली समता कॉलोनी या रांगेच्या अगदी पाठीशी. त्यामुळे इथल्या बहुतेक मराठी घरांत विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे ओळखपत्र एका पिढीकडे तरी नक्कीच असणार. स्मरणिकेच्या संपादकांनी विद्यापीठावर लिहा म्हटले, तेव्हा मी ग्रंथालय मागून घेतले. विद्यापीठाचा इतिहास कुलगुरूंच्या यादीत आणि इमारतींच्या कोनशिलांवर सापडतो. ग्रंथालयाचा इतिहास वाचकाला काय मिळाले आणि त्याहून अधिक, काय मिळाले नाही, यावरून कळतो.

हा इतिहास १९६४ पासून सांगण्याचा प्रघात आहे. आपण तो जरा मागे नेऊ. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी घरांतले, मासिक मात्र हिंदी. तीन वर्षांत ते बंद पडले, पण नाव राहिले ते पुस्तकांच्या परखड परीक्षणांमुळे. पुस्तक छापले म्हणजे काम झाले असे न मानता ते वाचण्याजोगे आहे की नाही हे वाचकाला सांगायचे, ही सवय या प्रदेशाला त्या मासिकाने लावली. लाखेनगरातून जाताना लाखे कोण होते हे विचारणारी मुले आता कमी झाली असतील. त्यांना हे सांगायला हवे, म्हणून एवढा फेरा घेतला.

विद्यापीठ मात्र फार लांब होते. ऑगस्ट १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याची महाविद्यालये ६ आणि विद्यार्थी ९२७, आणि एवढ्यावर अख्ख्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचा कारभार. रायपूरला पहिले महाविद्यालय, छत्तीसगढ कॉलेज, १९३८ साली निघाले. त्याचे पुस्तकी तोंड नागपूरकडे होते आणि आपल्या लोकांना ते सोयीचेही होते. सोयरीक नागपूरची, गाडी थेट, धर्मपेठेत नाही तर महालात कुणी ना कुणी मावशी-आत्या. १९४६ साली हरिसिंग गौर यांनी पदरचे वीस लाख रुपये देऊन सागर विद्यापीठ उभे केले आणि छत्तीसगढची महाविद्यालये तिकडे जोडली गेली. गौरांचे औदार्य मोठेच. पण मकरोनियाच्या लष्करी बराकींत सुरू झालेल्या त्या विद्यापीठाचे ग्रंथालय रायपूरच्या विद्यार्थ्याच्या काय कामाचे? बिलासपूर-कटनीचा रेल्वेचा फेरा घेऊन संदर्भ बघायला कोण जाणार? आपले विद्यापीठ हवे, या मागणीत परीक्षांची आणि निकालांची अडचण पुढे असे. पुस्तकांची अडचण मागच्या बाकावर बसलेली, पण होतीच.

१ मे १९६४ रोजी विद्यापीठ अस्तित्वात आले. ४६ संलग्न महाविद्यालये, ५ अध्यापन विभाग आणि सुमारे ३४ हजार विद्यार्थी. नागपूरच्या ९२७ शेजारी हा आकडा ठेवला की चाळीस वर्षांत काय घडले ते कळते. नाव दिले गेले मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री आणि रायपूरचेच वकील पंडित रविशंकर शुक्ल यांचे. पहिले कुलगुरू भाषाशास्त्रज्ञ बाबूराम सक्सेना. अवधी भाषेच्या विकासावर ज्यांनी आयुष्य घातले, असा माणूस छत्तीसगढीच्या मुलखात कुलगुरू म्हणून यावा, हा योग चांगला होता.

ग्रंथालयाला नाव मिळाले राजिमच्या पंडित सुंदरलाल शर्मांचे. छत्तीसगढी ‘दानलीला’चे कवी, कंडेल नहर सत्याग्रहाचे एक पुढारी, आणि रायपूरच्या तुरुंगात असताना हाताने लिहून पत्रिका काढणारे गृहस्थ. छापखाना नाही, कागद मोजका, वाचक सगळे कोठडीतले, तरी अंक निघतो. ग्रंथालयाला याहून योग्य नाव सापडले नसते असे मला वाटते. (बिलासपूरच्या मुक्त विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. दोन्हींची टपाले अधूनमधून एकमेकांकडे जात असतील तर नवल नाही.)

त्या काळात विद्यापीठ ग्रंथालये कशी असावीत यावर देशात बरेच लिहून झाले होते. राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात सांगितले की विद्यापीठाने आपल्या खर्चाचा सव्वासहा टक्के भाग ग्रंथालयावर घालावा. १९५७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच सुमारास रंगनाथन उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक होते, म्हणजे मध्य प्रदेशचे पाणी प्यालेले. त्यांच्या समितीने विद्यार्थ्यामागे १५ रुपये आणि अध्यापकामागे २०० रुपये वर्षाला ग्रंथालयासाठी धरावेत असे सुचवले. रायपूरच्या सगळ्या ३४ हजारांना हा हिशेब लावून पाहा, नुसत्या विद्यार्थ्यांचेच ५ लाख १० हजार होतात. संलग्न महाविद्यालयांचे विद्यार्थी असे विद्यापीठाच्या खात्यात धरले जात नसतात, त्यामुळे हा कागदावरचा खेळ आहे. पण १९६४ सालच्या रुपयात तो खेळून बघण्यासारखा आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती म्हणजे मागणीची चिठ्ठी.

त्या काळच्या विद्यापीठ ग्रंथालयांचा सर्वसाधारण शिरस्ता असा होता. वाचक आत येई, लाकडी तालिका-पेट्यांचे खण ओढून कार्डे चाळी, हवे ते पुस्तक सापडले की त्याचा वर्गांक आणि लेखकाचे नाव चिठ्ठीवर उतरवून देवघेवीच्या खिडकीत देई. शिपाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आत जाई. अर्ध्या-पाऊण तासाने काही चिठ्ठ्यांबरोबर पुस्तके येत. काही नुसत्याच परत येत, त्यांवर पेन्सिलीने एक शब्द: ‘बाहेर’, ‘बाइंडिंग’ किंवा ‘जागेवर नाही’. वाचक चिठ्ठी चुरगाळून टोपलीत टाकी आणि दुसरी लिहायला घेई. किंवा घरी जाई.

ग्रंथालयाच्या दप्तरात दिलेल्या पुस्तकांची नोंद होते. परत गेलेल्या वाचकाची होत नाही. वार्षिक अहवालात ‘या वर्षी इतकी पुस्तके वाचकांनी नेली’ असा ऐटबाज आकडा छापतात. ‘इतक्यांना नाही म्हटले’ असा आकडा मी कुठल्याही ग्रंथालयाच्या अहवालात पाहिलेला नाही. खरा अभिप्राय त्या टोपलीत होता. एकाच अर्थशास्त्राच्या पुस्तकासाठी आठवड्यात वीस चिठ्ठ्या परत जात असतील तर प्रती वाढवायला हव्यात. ‘जागेवर नाही’ असे वारंवार लिहून येत असेल तर कपाटांची लावणी बिघडली आहे. पेटीत कार्डच नसलेले पुस्तक वाचक तोंडी मागत असेल तर खरेदीची यादी करणाऱ्यांना अभ्यासक्रम बदलल्याचे कळलेले नाही. यासाठी सर्वेक्षण नको, समिती नको. टोपली रिकामी करण्याआधी कुणी ती वाचावी, एवढेच लागते.

बंद कपाटांमागे एक भीतीही होती आणि ती ग्रंथपालाच्या स्वभावातली नव्हती, नियमातली होती. पडताळणीत पुस्तक कमी भरले की वसुली ग्रंथपालाकडून होईल, अशी धास्ती पिढ्यान्‌पिढ्या होती. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत आज स्पष्ट लिहिले आहे की वर्षभरात हाताळल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणे स्वाभाविक समजावे, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. पन्नास हजारांवर ग्रंथ असतील तर नमुना पडताळणी पुरते, अशीही सोय आहे. हजारी पाच हा आकडा मला कुठल्याही आयोगाच्या शिफारशीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्यामुळे कपाटांची कुलपे काढण्याचे धैर्य येते. वाचकाला रांगेतून फिरू दिले की तो मागायला आलेल्या पुस्तकाशेजारचे दुसरे उचलतो. रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच सूत्रांत प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे एक आहे आणि वाचकाचा वेळ वाचवावा असे दुसरे. बंद कपाट ही दोन्ही सूत्रे एकदम मोडते.

रायपूरच्या वाचकाची दुसरी तक्रार भाषेची. मुले छत्तीसगढच्या खेड्यांतून येत, शाळा हिंदीत झालेली, आणि एम.ए.-एम.एस्सी.ची कपाटे इंग्रजीने भरलेली. पुस्तक असूनही नसल्यासारखे. १९६० च्या दशकाच्या शेवटी केंद्राने प्रादेशिक भाषांत विद्यापीठीय पुस्तके काढण्यासाठी राज्यांना प्रत्येकी एक कोटी देण्याची योजना आणली. तिच्यातून भोपाळला हिंदी ग्रंथ अकादमी झाली आणि नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ. दोन्हींची पुस्तके ज्यांनी वापरली त्यांना माहीत आहे की कागद खरखरीत असे आणि परिभाषा कधी कधी दात मोडणारी. तरी त्या पुस्तकांनी किती जणांना पदवीपर्यंत नेले याचा हिशेब नाही. नागपूरच्या मंडळाचे एखादे मराठी पुस्तक रायपूरच्या घरात बहिणीने भावाला, भावाने भाच्याला असे वीस वर्षे फिरत राही. परीक्षेत उत्तर हिंदीत लिहायचे आणि अभ्यास मराठीत करायचा, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चाले. अकादमीच्या पुस्तकांच्या प्रती अपुऱ्या पडल्या की विद्यार्थी कुंजीकडे, म्हणजे बाजारातल्या गाइडकडे, वळत. प्राध्यापक कुंजीला नावे ठेवत. ग्रंथालयाने मात्र ती धोक्याची घंटा समजायला हवी होती. कुंजी खपते याचा अर्थ विद्यार्थ्याला कळेल अशा भाषेत पुस्तक मिळत नाही, असा अगदी सरळ आहे.

मराठी पुस्तकांचे काय, असा प्रश्न आपल्या मंडळींकडून हमखास येतो. १९८१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रायपूरला भरले, अध्यक्ष गंगाधर गाडगीळ. त्या उत्साहात विद्यापीठात मराठीचे कपाट वाढावे अशी इच्छा पुष्कळांना झाली असेल. माझे मत जरा वेगळे आहे. विद्यापीठाचे ग्रंथालय अभ्यासक्रम आणि संशोधन यांसाठी असते. कादंबऱ्या-नाटके ही मंडळांच्या वाचनालयांची जबाबदारी. विद्यापीठात मात्र भोसल्यांच्या छत्तीसगढातील कारभारावरची मराठी साधने, सप्र्यांच्या काळातले नागपूरचे साहित्य, मोडीतील कागद वाचण्याची साधने हे सर्व हवेच, कारण इथला इतिहास लिहिणाऱ्याला त्याशिवाय पुढे जाता येत नाही. कपाटात मराठी ग्रंथ भारंभार असण्यापेक्षा मोडी वाचणारा एक माणूस असणे जास्त गरजेचे.

संगणकाची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे सारखीच आहे. १९९१ साली विद्यापीठ ग्रंथालये जोडण्याचा इन्फ्लिबनेटचा कार्यक्रम सुरू झाला, विद्यापीठांच्या ग्रंथसूची संगणकावर चढू लागल्या, तालिका-पेट्या कोपऱ्यात गेल्या. २००४ पासून अनुदान आयोगाच्या संघामार्फत ई-नियतकालिके आली. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय प्रतीत देणे बंधनकारक झाले आणि रायपूरचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर जगाला दिसू लागले. पूर्वी एखादा प्रबंध बघायला विद्यापीठाचे पत्र, विभागप्रमुखाची सही आणि दुपारचे जेवण चुकवणे एवढे लागे. हा बदल निर्विवाद चांगला. त्याचा एक तोटा मात्र कुणी बोलत नाही. चिठ्ठी गेली तशी टोपलीही गेली. संगणकावर शोधून ‘काही सापडले नाही’ असे उत्तर आले की वाचक खिडकी बंद करून मोबाइलकडे वळतो. ते अयशस्वी शोध यंत्रात साठवता येतात. बघायचे ठरवले तर टोपलीपेक्षाही सोपे आहे.

त्याऐवजी आपण अभिप्रायाचे फॉर्म भरून घेऊ लागलो. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे नॅक, १९९४ पासून आहे. तिच्या नव्या चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले, वीस ठोकळेबाज प्रश्न आणि एकविसावा मोकळा, तीन सूचना लिहा. ग्रंथालयाबद्दल नॅक वेगळे विचारते: संगणकीकरण झाले का, खर्च किती, रोज किती जण येतात. रोज येणाऱ्यांचा आकडा मिळवायला दारात नोंदवही ठेवतात. समितीची भेट जवळ आली की त्या वहीत सह्या वाढतात, हे कुठल्याही विद्यापीठाच्या आवारात वावरलेला माणूस हसत हसत कबूल करील. पण आत येणाऱ्यांत किती जण स्वतःची पुस्तके घेऊन फक्त खुर्ची आणि पंखा शोधत आले, हे त्या वहीतून समजत नाही.

फॉर्म वाईटच असे नाही. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० च्या सुमारास लिबक्वॉल नावाची पद्धत आणली. तिच्यात बावीस बाबी आहेत आणि प्रत्येकीपुढे वाचकाने तीन आकडे लिहायचे: किमान किती हवे, मनापासून किती हवे, प्रत्यक्षात किती मिळते. ‘उत्तम, चांगले, बरे’ यांपैकी एकावर खूण करण्यापेक्षा हे कितीतरी बोलके, कारण वाचकाला कशाची फिकीर नाही हेही त्यातून कळते. आपल्याकडे ‘चांगले’वर खूण करून विद्यार्थी मोकळा होतो. फॉर्मवर नाव आणि अनुक्रमांक मागितलेला असतो आणि बेबाकीच्या दाखल्यावर सही त्याच खिडकीतून घ्यायची असते. मग तो दुसरे काय लिहिणार?

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले, २००१ साली राज्याचा लोकसेवा आयोग आला, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले येऊ लागली आणि ग्रंथालयाकडे येणारा वाचकच बदलला. त्याला पुस्तक नको होते, जागा हवी होती. बस्तर, सरगुजा, कवर्ध्याहून आलेली मुले पाचजणांत एक खोली घेऊन राहतात. तिथे एकाने दिवा लावला की चौघे उठतात. त्यांना रात्री अकरापर्यंत, जमल्यास पहाटेपर्यंत उघडी, सुरक्षित, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली अभ्यासिका हवी. विवेकानंद आश्रमाच्या ग्रंथालयाने ही गरज आधी ओळखली होती. समता कॉलोनीतल्या कित्येक मुलांनी बारावीचा आणि पीईटीचा अभ्यास तिथल्या शांततेत केला. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना कार्यालयीन वेळेतून बाहेर पडायला अडचणी असतात. दुसऱ्या पाळीची पदे मंजूर नसतात, निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहतात, रात्रीच्या पहाऱ्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा ते ठरत नाही. ही कारणे खोटी नाहीत. मुलांना मात्र त्यांचे काही देणेघेणे नसते.

शेवटी उत्तर आले ते विद्यापीठाबाहेरून. २०१८ साली याच जी. ई. रोडवर नालंदा परिसर सुरू झाला. चोवीस तास उघडी अभ्यासिका, झाडांखाली बसायची व्यवस्था, वर पुस्तके आणि इंटरनेट. प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. पुढे मोतीबागेत तक्षशिला आली, आणि राज्यातल्या इतर शहरांत तसेच परिसर काढण्याचे ठरले. रात्री दोन वाजता तिथे भरलेल्या खुर्च्या पाहिल्या म्हणजे इतकी वर्षे कुठल्या मागणीची नोंदच झाली नव्हती ते समजते. मुलींना रात्री तिथे निर्धास्त बसता येते, ही माझ्या दृष्टीने त्या वास्तूची सर्वांत मोठी कमाई. आमच्या पिढीच्या मुलींना संध्याकाळी सातच्या आत घरात यावे लागे. त्यांच्यासाठी ग्रंथालय सहाला बंद झाले काय नि नऊला झाले काय, सारखेच होते. त्यामुळे वेळ वाढवा अशी सूचना त्यांच्याकडून कधी गेलीच नाही.

सूचना न करणाऱ्यांत आणखी एक वर्ग आहे, दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा. ज्या ग्रंथालयात आपल्याला वाचण्यासारखे काही नाही तिथे तो जाणारच नाही, आणि न जाणाऱ्याचा फॉर्म कोण भरून घेणार? ऑगस्ट २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे दृष्टिहीनांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले आणि त्याच वर्षी दिव्यांग हक्कांचा नवा कायदा झाला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक संगणक, पडदावाचक आणि हिंदी नीट उच्चारणारा आवाज एवढ्यावर बरेच काम होते. खर्च एखाद्या परदेशी नियतकालिकाच्या वर्षाच्या वर्गणीहूनही कमी.

आता १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना लागू झाली आहे. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, आणि केंद्र-राज्यांच्या सहा हजारांवर शासकीय संस्था. रायपूरच्या विद्यार्थ्याला ज्या लेखांसाठी पूर्वी दिल्ली-मुंबईच्या मित्राला गळ घालावी लागे ते आता इथेच उघडतात. पण संलग्न महाविद्यालयांतल्या, विशेषतः गावातल्या किती जणांना हे माहीत आहे? लेख इंग्रजीत, शोधण्याची सवय नाही, शिकवणारा नाही. विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे. त्याच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दुपार एखाद्या महाविद्यालयात जाऊन, कोण काय शोधत होते आणि कुठे अडले हे लिहून आणले, तर त्यांचे प्रात्यक्षिकही होईल आणि ती जुनी टोपलीही परत येईल.

आपल्यासारख्यांचा प्रश्न त्यानंतरचा. निवृत्त प्राध्यापक, वकील, स्थानिक इतिहासाचे हौशी अभ्यासक यांना या योजनेत आज जागा नाही. पुढच्या एका टप्प्यात सार्वजनिक ग्रंथालयांत ठरावीक केंद्रे उघडून सर्वांना वाचनाची सोय करायची असे सरकारने म्हटले आहे. रायपूरला तसे केंद्र देताना ते विद्यापीठात द्यावे की नालंदा परिसरात, यावर संबंधितांनी आताच बोलायला हवे. माझा कौल नालंदाला. तिथे कुलूप नसते, आणि पहाटे पाचला फिरायला निघालेल्या म्हाताऱ्यालाही आत जाता येते.